शाफ्टवरची श्री

"ही खूण कसली?" प्राध्यापकांनी विचारलं.

रतिलालने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. टेबलावर तुटक्या शाफ्टचा तुकडा होता. दोंडाईच्याहून शेफील्डपर्यंत तो त्याने ट्रंकेत, धोतरांच्या घड्यांत गुंडाळून आणला होता. तुटलेल्या कडेला छिन्नीने एक अक्षर कोरलेलं होतं. त्यातलं आता अर्धंच उरलं होतं.

"आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते," रतिलाल म्हणाला. "तेव्हा यंत्रावर श्री काढतात. शुभ म्हणून."

"छिन्नीने?"

"नाही, कुंकवाने." तो अडखळला. "ही मात्र कुणीतरी कोरलेली दिसते."

हे कुणीतरी म्हणजे तो स्वतःच. दोनेक वर्षांपूर्वी, काशीहून धातुशास्त्राची पदवी घेऊन तो नुकताच घरी आला होता. वडील रिखबचंद शेट, त्यांची कपाशीची जिनिंग, सरकी काढायची गिरणी. कुंकवाची श्री दरवर्षी तेलाने पुसली जाते, ती कशी कायमची हवी, असं म्हणत त्याने पूजेच्या दिवशी छिन्नी हातात घेतली. सगळ्यांनी वाहवा केली. शिकलेल्या माणसाच्या हौसेला कोण अडवणार!

"तडा या खुणेच्या तळातून निघाला," प्राध्यापक सांगत होते. "शाफ्ट फिरत राहिला, तसा तो रोज थोडा थोडा आत गेला. शिंपल्यावर असतात तशा या रेघा बघा. लोखंडात काही खोट नाही. आणि घडवणाऱ्याचा हात तर फारच तयार. कोण हा माणूस?"

"नाव आठवत नाही," रतिलाल म्हणाला.

नाव झुलाल लोहार. न आठवायला काय झालं! मार्गशीर्षात, ऐन हंगामात शाफ्ट तुटला, पट्टा सुटून उडाला आणि यंत्रांना तेल घालणारा मगन जागच्या जागी गेला. जिनच्या फाटकावर सारं गाव जमलं. शाफ्ट झुलालने घडवलेला, म्हणून सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्याने तुकडा उचलून रतिलालपुढे धरला. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग काळा, तेल मुरलेला होता आणि अर्धा लखलखीत.

"भाऊ, तडा जुना शे," तो म्हणाला होता. "तुमनी श्रीपाईन निंघना शे."

"देवाच्या नावाने लोखंड तुटत नसतं, झुलाल," रतिलालने सगळ्यांसमोर त्याला सुनावलं होतं. "कच्च्या हाताने तुटतं."

पदवीधराचाच शब्द तो, खाली कसा पडणार? त्या शब्दावर विलायतेचाही शिक्का बसावा, एवढ्याचसाठी तुकडा ट्रंकेतून आला होता.

पुढचे तीन महिने रतिलाल ठरल्याप्रमाणे हिंडला. इंग्लंडातल्या भट्ट्या झाल्या, जर्मनीतल्या प्रयोगशाळा झाल्या. डोळ्यांसमोर पोलादाचा रस ओतला जायचा आणि वहीत एक ओळ उतरायची नाही. शरमेने तो आतून पोळत होता. पावलाखाली मुंगी आली तरी थांबणारं त्याचं घर. त्या घरच्या मुलाने एक माणूस जिवानिशी घालवला होता, दुसऱ्याला जिवंतपणी मारलं होतं, आणि परक्या मुलखात त्याचं साधं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

दोंडाईचा स्टेशनवर त्याला हार घालायला शंभर माणसं आली. हाराखाली त्याची मान वर होईना. लोक म्हणाले, केवढा विनय!

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच लोहार गल्लीत गेला. झुलालच्या भट्टीत राख उरली होती. ऐरण विकली गेली होती. गावातलं कुणी आता त्याच्याकडे साधा विळा धार लावायला देत नव्हतं. तो स्टेशनवर कापसाच्या गाठी वाहत होता. समोरच मगनच्या आईचं, मंजुळाबाईचं घर. ती रोज सकाळी ओट्यावर उभी राहून सारी गल्ली ऐकेल अशा शिव्या त्याला घालायची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

रतिलालने आत जाऊन कवाड लावलं. मग त्याने सगळं सांगितलं. प्राध्यापक काय म्हणाले ते सांगितलं, आपण नाव लपवलं तेही सांगितलं. शेवटी खाली वाकून त्याने झुलालच्या पायांना हात लावला.

"झुलालभाऊ, चुकी माझी. नवी ऐरण मी आणून देतो. जिनचं सगळं काम आजपासून तुमच्याकडे. अजून काय करू, तुम्हीच सांगा."

झुलालने पाय मागे घेतले.

"माले काम नको, ऐरण नको," तो म्हणाला. "भाऊ, तवय तुम्ही फाटकवर बठ्ठा गावसमोर बोलनात. आते कवाड कसाले लाई लिधं?"

रतिलालने बंद कवाडाकडे पाहिलं. कानशिलं तापली. हे दार उघडलं की वडिलांची अब्रू जाणार, कालच्या हारांचं हसं होणार, हे त्याला लख्ख दिसत होतं.  तरी तो उठला आणि त्याने कडी काढली.

मंजुळाबाई समोरच्या ओट्यावर डाळ पाखडत होती. शेटचा मुलगा झुलालच्या घरातून निघालेला पाहून ती उठली.

"बरं करं, भाऊ, तुम्ही आठे ऊनात," ती तिथूनच ओरडली. "हाकली द्या त्याले गावमाईन! मना मगनले खाई गया तो!"

गल्लीतली दारं उघडली. बायामाणसं बाहेर आली.

"मंजुळाबाई," रतिलाल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.  "झुलालभाऊंचं लोखंड चांगलं होतं. शाफ्टवर घाव मी घातला. तुमचा मगन माझ्यामुळे गेला, आणि आळ मी यांच्यावर घातला."

तिने रतिलालकडे पाहिलंच नाही. तिने त्याच्या मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या झुलालकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला.