येर्कोच्या नावचं घर

“वरची खोली सोडून काय वाट्टेल ते माग,” येर्कोने कॉफीचा कप टेबलावर आपटला.

“मला तीच हवी,” पेरिना म्हणाली.

पेरिना त्याची थोरली बहीण. चाळीस वर्षं जर्मनीत इस्पितळाच्या फरश्या पुसल्या, नवऱ्याला तिकडेच माती दिली आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बेटावर परतली. येर्को एकाहत्तरचा. बायको गेलेली, मूलबाळ नाही, एवढ्या मोठ्या दगडी घरात एकटा जीव. पण स्वभाव म्हणाल तर कुंपणावरचा काटा.

“पेरे, हे घर माझं आहे. आजोबांनी बक्षीसपत्र करून दिलंय. तुझा इथे खिळासुद्धा नाही.”

“मला माहीत आहे कोणाला दिलंय ते. मरायला एक खोली मागतेय रे. द्यायची तर दे, नाहीतर नाही म्हण. कागद कशाला काढतोस?”

घाबरली, येर्कोला वाटलं. कागदाचं नाव काढलं की हिच्या नाकाला मिरच्या झोंबतात!

त्याने स्वतः तो कागद कधी पाहिला नव्हता. तो पलीकडच्या गावी, कोर्टाच्या दप्तरात. पण बापाच्या, आंतेच्या, तोंडून हजारदा ऐकलेलं. आजोबांचं नाव येर्को, नातवाचं नावही येर्को. आजोबांचं नाव घरात जिवंत राहिलंच पाहिजे, ही बेटावरची रीत. नातू झाला त्या आनंदात म्हाताऱ्याने सगळं घर, अंगण आणि विहिरीसकट, त्याच्या नावे करून टाकलं. आजोबा कसे दिसायचे हे येर्कोला आठवत नव्हतं. तरी रोज सकाळी दार उघडताना त्याला त्यांचा अभिमान वाटायचा.

आणि ती वरची खोली! तिथे पाळणा होता. आईने तो कधी हलवू दिला नाही. उत्तरेचा वारा सुटला की खिडक्या बंद असूनही तो कुरकुरायचा. लहानपणी येर्को अंगणात खेळत असे आणि वरून आईची हाक यायची, “येर्को... येर्को...” तो धावत जिना चढून जाई. “आलो, आई!” आई दचकून त्याच्याकडे बघायची, मग त्याच्या मागे बघायची. आईला जाऊन तीस वर्षं झाली. हाक अजून येते, असं त्याला एखाद्या दुपारी वाटायचं, आणि तो जिन्याखाली उभा राहून घाम पुसायचा. वर मात्र जायचा नाही.

“त्या खोलीत माझा पाळणा आहे,” तो म्हणाला.

“त्यात तू एक दिवससुद्धा झोपला नाहीस. आई तुला ठेवायचीच नाही. कुशीत घेऊन बसायची रात्रंदिवस.”

“का?”

पेरिना उठली आणि कप विसळायला लागली. “सर्व संतांच्या सणाला आई आजोबांच्या थडग्यावर दोन मेणबत्त्या लावायची. आठवतं?”

“एक विझली तर असावी म्हणून. आईनेच सांगितलंय मला. विषय बदलू नकोस.”

आठवडाभरात त्याने दावा ठोकला. बक्षीसपत्र टिकलं तर सगळं घर त्याचं, नाही टिकलं तर बापाची इस्टेट म्हणून दोघांचं निम्मं निम्मं. साधा हिशेब. गावात त्याने सांगूनसुद्धा टाकलं, की बहिणीला जर्मनीची बोट पकडावी लागणार.

तारखेला दोघं एकाच बोटीने निघाली. दुसरी बोट होती कुठे! पेरिनाने पिशवीतून सुके अंजीर काढून त्याच्यापुढे धरले. त्याने तोंड फिरवलं.

“येर्को, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चल, याच बोटीने परत जाऊ. मी वृद्धाश्रमात नाव घालते. खोली नको मला.”

“आता कसं!”

“घर सगळं तुझं. मी लिहून देते. फक्त ते कागद उघडायला लावू नकोस.”

“तुझी भीक नको मला,” येर्को म्हणाला. “माझ्या आजोबांनी मला दिलंय. ते आज सरकारी माणसाच्या तोंडून ऐकणार, आणि तूही ऐक.”

अंजीर पेरिनाच्या मांडीवर तसेच राहिले.

न्यायाधीशबाई तरुण होत्या. त्यांनी पिवळा पडलेला कागद सावकाश वाचला.

“बक्षीसपत्र खरं आहे. सही, साक्षीदार, शिक्का, सगळं ठीक. घर आंतेचा मुलगा येर्को याचंच.”

येर्कोने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. तिला खिजवायला त्याच्या ओठांवर वाक्य तयार होतं. पण ती रडत होती, आणि हरलेली माणसं रडतात तशी नाही. तिने टेबलाखालून त्याचा हात धरला. एरवी त्याने झिडकारला असता. कोण जाणे का, आज त्याने राहू दिला.

“मात्र पुढची नोंद अशी आहे,” बाई म्हणाल्या, “की हा येर्को वारल्यावर घर त्याच्या वडिलांकडे आलं. म्हणजे वडिलांमागे तुम्ही दोघं, निम्मं निम्मं.”

“वारला? बाई, मी तुमच्यासमोर बसलोय! डोळे फुटले का तुमच्या दप्तराचे?”

“येर्को,” पेरिना पुटपुटली, “आईने मला शपथ घातली होती रे.”

बाईंनी दुसरं पान उलटलं आणि बोट ठेवून वाचलं. “येर्को, आंतेचा मुलगा. वय पाच महिने. मृत्यू चौदा ऑगस्ट एकोणीसशे एक्कावन्न.” मग चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. “आजोबा, तुमचा जन्म कधीचा?”

“त्रेपन्नचा,” येर्को म्हणाला.