लाडकं नाव

या, अशा जवळ सरकून बसा. एवढीशीच गोष्ट सांगतो, पण मन लावून ऐका.

विसराळू म्हाताऱ्यांच्या आश्रमात कॉम्प्युटरवर ‘टोपणनाव’ असा एक रकाना होता. सिस्टर म्हणाल्या, "दादा, त्याला ‘लाडकं नाव’ म्हणा की!" प्रोग्रामरदादानं पायथनच्या कोडमध्ये तेवढा शब्द बदलला, तोच बदल साठवलेल्या माहितीत उतरवणारं ‘मायग्रेशन’ यंत्रानं आपोआप लिहिलं आणि दादानं न वाचताच चालवलं. यंत्राला नाव बदलणं कुठलं कळायला? त्यानं जुना रकाना भरल्या नावांसकट पुसला आणि नवा, कोरा मांडला.

रविवारच्या बॅकअपमधून सगळ्यांची नावं परत आली. काल आलेल्या आजोबांचं तेवढं नाही. त्या एका हाकेशिवाय ते घास घेत नाहीत. त्यांच्या पत्नी ते नाव सांगून ऑपरेशनला गेल्या, त्या गेल्याच.

"लिहून ठेवलंय म्हणून मी डोक्यात ठेवलं नाही हो," सिस्टर रडवेल्या झाल्या.

दादा चमचा घेऊन पुढ्यात बसला. "आजोबा, घरी तुम्हाला काय हाक मारतात?"

आजोबा गोड हसले.

"ते आमच्या हिला विचारा. येईलच ती आता."

बाबांनो, तुम्ही तरी त्या गेलेल्या माउलीची आठवण ठेवा.