शेवटच्या दहा

बावड्याच्या शिवारात कालव्याची चारी खणायला शंभर बाया होत्या. मातीची पाटी भरावावर ओतली की मुकादम एक कवडी द्यायचा, ती पदराच्या गाठीत जायची. बाजाराच्या आदल्या दिवशी दिवसभराच्या कवड्या मोजून जास्तीपासून कमीपर्यंत बायांची रांग लागायची आणि शेवटच्या दहाजणींना घरी धाडून त्यांच्या जागी नव्या दहा घ्यायच्या, असा गोऱ्या साहेबाचा नवा हुकूम होता. मागल्या खेपेला धोंडाबाई चाळीस कवड्यांवर रांगेच्या मधोमध होती. तेव्हापासून भ्यालेल्या सगळ्याच जणी पाट्या घेऊन पळत होत्या, त्यामुळं आज पंचेचाळीस आणूनही ती शेवटच्या दहांत आली. “चाळिसाला ठेवलंस आन् पंचेचाळिसाला काढतोस?” ती ओरडली. मुकादम म्हणाला, “कवड्या किती त्ये साहेब इचारत न्हाय. तुज्या मागं किती बाया हायत, त्येवढंच बघायचं.” रांगेत पहिली होती रंगूबाई, सत्तर कवड्यांची. ती तरातरा पुढं आली. “आरं मुडद्या, ऊर फुटंस्तवर पळालो तरी शंभरात दहाजणी शेवटी ऱ्हाणारच की! मी पळाले त्ये हिच्या भाकरीवर पाय द्याया व्हय?” तिनं पदराची गाठ सोडली आणि सगळ्या कवड्या धोंडाबाईच्या पायाशी ओतल्या. मग दुसरीनं गाठ सोडली, मग पाचवीनं, मग धोंडाबाईनंही. कवड्यांचा ढीग वाढत गेला आणि शंभर बाया मोकळे पदर झटकून त्याच्याभोवती उभ्या राहिल्या. “लाव आता रांग,” रंगूबाई म्हणाली, “आन् दाव मला शेवटच्या दहा.”