पिवळी चाकं

“सासूबाईंना एकटं ठेवू नकोस, बाई. म्हातारं माणूस पडलं की पहिले भिंतींना कळतं, मग आपल्याला.” दर्पण कॉलनीतल्या कुसुमताई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला असं म्हणाल्या, तेव्हा अवंतिकानं हसून तिळगुळाची वाटी पुढे केली होती. महिन्याभरातच तिच्या सासूबाई, शामलाबाई, न्हाणीघरात घसरल्या आणि दूधवाल्याची हाक येईपर्यंत तिथेच पडून राहिल्या. हाडं शाबूत राहिली, पण अवंतिकाची झोप गेली.

आज ती त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायलाच जयेंद्रगंजात त्यांच्या घरी आली होती. नवऱ्यानं, शंतनुनं, गॅलरीकडची खोली रिकामी करून ठेवली होती. काय बोलायचं ते तिनं ई-रिक्षातच जुळवून घेतलं होतं. चार वर्षांच्या शिखाचा हात घट्ट धरून ती आत शिरली, तर शामलाबाई जिन्याखाली स्टुलावर बसलेल्या, नाकावर चष्मा, हातात ब्रश. ज्या सायकलवरून त्या नोकरीभर शाळेत शिकवायला गेल्या, ती लेडीज सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी होती.

“बस त्या पायरीवर,” त्या मान न वळवता म्हणाल्या. “आणि बोलू नकोस. रेघ ओढतेय.”

मागचं चाक पुरं झालं होतं. रिम हळदीसारखी पिवळी, कडेनं डाळिंबी रेघ. साडीचा पदर आऱ्यांत अडकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी डाळिंबी दोऱ्याची जाळी, बाईंनी स्वतःच विणलेली. पुढच्या चाकाचा गंज पॉलिश पेपरनं घासून झाला होता, पिवळ्या रंगाचा हातही देऊन वाळला होता. रेघ तेवढी राहिली होती.

अवंतिका त्यांच्या हाताकडेच बघत होती. तो थरथरला की तिला बोलायला जागा मिळणार होती. आणि थरथरला तो. ब्रश डबीतून निघाला तेव्हा त्याचं टोक हवेत चांगलंच नाचलं. मग बाईंनी करंगळी चाक धरणाऱ्या चिमट्यावर टेकवली, श्वास सोडला आणि ब्रश रिमला लावला. तो हात मग हललाच नाही. डाव्या हातानं त्या चाक फिरवत होत्या, रेघ जणू चाकातूनच निघत होती. जाड नाही, बारीक नाही, कुठे फाटा नाही. कॉलेजात अवंतिकानं कंपास घेऊनसुद्धा असं वर्तुळ कधी काढलं नव्हतं. तिचा श्वासही त्या चाकाबरोबर हळू झाला. आता थोडंच राहिलं होतं, रेघेचं टोक आपल्या सुरुवातीला भेटायला चाललं होतं.

अचानक बाईंनी डावा पंजा रिमवर दाबला. चाक जागीच थांबलं.

शिखाचं बोट दोन आऱ्यांच्या मध्ये होतं.

“आज्जी, ये रुक क्यों गया?” तिनं बालवाडीतल्या हिंदीत विचारलं.

“तुझं बोट खाणार होतं म्हणून. काढ आधी.”

अवंतिकानं लेकीला ओढून मांडीवर घेतलं. मूल हातातून कधी सुटलं, तिला कळलंच नव्हतं. बाईंच्या पंजाला डाळिंबी रंग लागला होता, रिमवर तेवढाच मोठा फराटा उठला होता. त्यांनी तारपीनचं फडकं घेतलं आणि कुठलीही कुरकुर न करता ती सगळी रेघ पुसून काढली.

“सगळी कशाला पुसली, आई? तेवढाच तुकडा जोडायचा ना.”

“जोड दिसतो.” मग हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, “न्यायला आलीस ना मला?”

अवंतिकाला जुळवलेलं काही आठवेना. ती कसंबसं म्हणाली, की परत पडलात तर आम्ही तिकडे, तुम्ही इकडे. त्यात या वयात सायकल.

“चढते कुठे मी आता? हातात धरून चालते. काठीपेक्षा बरी, भाजीच्या पिशव्यापण राहतात. पडेन, नाही कशाला म्हणू? पण तुमच्या त्या खोलीत पडू नये म्हणून निजून राहावं लागेल मला.”

शिखानं मधेच विचारलं, की काळ्या सायकलची चाकं पिवळी का केली. अवंतिकालाही तेच विचारायचं होतं.

बाईंनी ब्रश पुन्हा डबीत बुडवला. “काळी होती तेव्हा जिन्याखाली आहे की नाही, ते दिसायचंच नाही. आता रस्त्यावरून दिसते. सकाळी मी हिला घेऊन भाजीला जाते. समोरच्या झेरॉक्सवाल्याला सांगून ठेवलंय, दूधवाल्याला सांगून ठेवलंय. ऊन पायरीवर आलं आणि पिवळं चाक जागचं हललं नसेल, तर वर या म्हटलं.”

करंगळी चिमट्यावर टेकली. चाक फिरू लागलं. या वेळी अवंतिकानं शिखाचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले, आणि मग मायलेकी बघत बसल्या, डाळिंबी रेघ फिरून आपल्या सुरुवातीला मिळेपर्यंत. कुठे मिळाली, ते दोघींनाही सापडलं नाही.

अवंतिका फक्त लेकीलाच घेऊन परत गेली. शंतनुशी त्यावरून वाद व्हायचा तो झालाच.

तर अवंतिकाचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. सकाळचं जयेंद्रगंजात जाणं झालं, तर झेरॉक्सच्या दुकानासमोरच्या जिन्याखाली एक नजर टाका. सायकल नसेल, तर आपल्या वाटेनं चालू लागा. ऊन पायरीवर आलं असेल आणि पिवळी चाकं तिथेच असतील, तर वर जाऊन कडी वाजवा. आणि बाईंनी दार उघडलं, तर पत्ता चुकलो म्हणून सांगा.