चिमट्यांची बादली

"फोटो काय काढताय? इथे मी मरतेय!"

घड्याळजींच्या बायकोच्या अंगठ्यावर रक्ताचे बारीक ठिपके होते. चिमट्यांच्या बादलीतून तिने हात उपसला तेव्हा साप बोटाला लोंबकळत होता. काळपट अंग, पांढरे पट्टे. भोकं पाडलेल्या झाकणाची बरणी हाताशीच होती. घड्याळजींनी साप बरणीत घातला. घड्याळांचं दुकान सांभाळून ते आसपासच्या सापांची नोंद ठेवत. प्रत्येकाचा काढत तसा त्यांनी याचाही फोटो काढला.

"डॉक्टरांना दाखवायला लागतो," ते म्हणाले. "मण्यार आहे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मण्यार चावली की माणूस झोपेतच जातो, हे तिने त्यांच्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. दवाखान्याचं नाव काढलं की घर डोक्यावर घेणारी ती आज निमूट उठली. सुजलेल्या पायांना स्वतःच्या चपला कधीच्याच होईनाशा झाल्या होत्या. तिने नवऱ्याच्या पायात सरकवून घेतल्या.

"आजच कपडे वाळत घालायची हौस आली तुम्हाला," ती पुटपुटली. "आणि चिमटे मात्र मी आणायचे."

शेजारच्या टॅक्सीवाल्याने बरणीत डोकावून पाहिलं. "कवड्या असेल हो काका. तुम्हीच सांगता ना, दिसायला मण्यारीसारखा, पण विष नाही."

"साप मी ओळखायचे की तू? गाडी काढ."

वाटेत त्यांनी तिचा हात सोडला नाही. ते घाबरले होते, आणि ते लपत नव्हतं.

दवाखान्यात त्यांनी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं, बरणी दाखवली, हलक्या आवाजात काही बोलले. बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे. तिला वाटलं, संपलं सगळं. रक्त, लघवी, सोनोग्राफी. नेतील तिथे ती गेली. एका शब्दाने वाद घातला नाही.

संध्याकाळी बाई खाटेपाशी येऊन बसल्या.

"विषाची काळजी सोडा. पण तुमची मूत्रपिंडं थकत चालली आहेत. आत्ता आलात म्हणून वाचवता येतील. आणखी काही महिने असेच काढले असते, तर आमच्या हातात काही उरलं नसतं."

ती नवऱ्याकडे वळली.

"म्हणजे तो साप देवासारखा धावून आला म्हणायचा."

"म्हणायचा," घड्याळजी म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिचे कपडे न्यायला घरी आले. मागच्या अंगणात उकिडवे बसून त्यांनी बरणीचं झाकण काढलं.

"जा बाबा कवड्या," ते म्हणाले, आणि काल पहाटे भिंतीच्या ज्या फटीतून त्याला धरून बादलीत ठेवलं होतं, तिथेच सोडून दिलं.