पक्ष्यांचा धडा

सोमवारी सकाळी जगभरातल्या मुलांच्या डोक्यात थेट भरलेला अभ्यासक्रम बदलला. अभ्यासक्रम समितीचे सदस्य ओगले लेकीबरोबर अंगणात चहा घेत होते. कुंपणावर भारद्वाज उतरला.

"ऋजुता, कोण आलंय बघ!"

"कोण? तो पक्षी?"

पक्ष्यांचा धडा वगळायला ओगल्यांनीच हात वर केला होता. मुलांवरचं ओझं कमी होईल, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. धड्याबरोबर त्याला चिकटलेल्या आठवणीही पुसल्या जातील, हे लक्षात आलं नव्हतं.

"अगं, आई होती तेव्हा दर रविवारी तिच्याबरोबर तळ्यावर पक्षी बघायला जायचीस ना?"

"काहीतरीच हं बाबा!" ती हसली. मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. "खरंच? काय काय बघायचो आम्ही? सांगा ना."

ओगले एकाही रविवारी मायलेकींबरोबर गेले नव्हते.