वाळलेल्या झाडावरचा अजगर

“वाच,” म्हणत मालकांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. “माझा चष्मा घरी राहिलाय.”

टेहळ्याला कागदावर नुसत्या मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. नशीब एवढंच की उद्याच्या फेरीचं हे वेळापत्रक काल त्यानेच तोंडी सांगितलं होतं आणि कारकुनाने उतरवून घेतलं होतं. मान खाली घालून त्याने ते घडाघडा म्हणून दाखवलं. सहाला धक्का सोडायचा. साडेसहाला माकडांच्या टेकाडापाशी इंजिन बंद. सातला मगरींची वाळू. मग मोठं वळण, आणि नऊला परत. पाहुणे बावीस.

“ठीक,” मालक म्हणाले. कागद त्यांनी तसाच घडी करून खिशात टाकला.

वीस वर्षं तो या बोटीच्या टोकाला उभा राहून पाहुण्यांना जंगलातले प्राणी दाखवत आला होता. हिरव्या पानांतला हिरवा साप तो चालत्या बोटीतून हेरायचा. त्याची नजर घारीची, असं सगळा धक्का म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्या नजरेवर धुकं चढायला लागलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची शीर सुकत चाललीय, यावर इलाज नाही.

तेव्हापासून त्याच्या वाटचं बायको बघत होती. ती रोज पहाटे छोटी होडी घेऊन जाळी उचलायला जायची. येताना काय कुठे बसलंय ते बघून यायची आणि चहा पिता पिता त्याला सांगायची. तो शाळेतल्या पोरासारखं पाठ करायचा. काठावरचे प्राणी काही तासातासाला बिऱ्हाड बदलत नाहीत. एखादा जागेवर नसलाच, तर ‘आत्ताच आत गेला’ म्हणायची सोय होतीच.

पण हे उघडकीला आलं तर काय, या विचाराने त्याची झोप उडायची. मागच्या वर्षी इंजिनवाल्याला ऐकू येईनासं झालं, तर मालकांनी दुसऱ्याच दिवशी त्याला घरी बसवलं. घरी म्हणजे कुठे, तर रस्त्यावर, कारण धक्क्यामागची खोलीही कामाबरोबरच गेली. टेहळ्याची खोली तिच्या शेजारचीच.

“चल,” मालक उठले. “एक चाचणी फेरी मारून येऊ. दोघंच.”

पूर ओसरून चारच दिवस झाले होते. या हंगामात बोट अजून धक्क्यावरून हलली नव्हती. सुकाणू मालक कुणाच्या हातात देत नसत. ही नदी मी डोळे मिटून पार करीन, असं ते तीस वर्षं सांगत आले होते. आज मात्र निघतानाच बोट धक्क्याला घासली. मालकांनी सुकाणूला शिवी हासडली.

“काय काय दिसतंय ते मोठ्याने सांगत चल,” ते म्हणाले. “एकूण एक. पाण्यातलंसुद्धा.”

असं त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे ही परीक्षाच होती. त्याला कुणीतरी चुगली केल्याची खात्रीच पटली. त्याने सकाळचा धडा आठवला आणि हात लांब केला.

“उजवीकडे, दोन खोडांच्या मधे माकडं. आठ-दहा असतील.”

मालकांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. टेहळ्या श्वास रोखून उभा राहिला.

“हं. पिल्लंही आहेत,” मालक म्हणाले.

त्याचा जीव भांड्यात पडला. पुढे त्याने खंड्या दाखवला, तो मालकांना दिसला. पाणमांजरांची जोडी दिसली. वाळूवरची मगर तर आ वासून पडलीय, असं मालकच म्हणाले. बायकोने आज अगदी डोळ्यांत तेल घालून बघितलेलं दिसत होतं.

मोठं वळण आलं.

“पुढे पात्र मोकळं आहे ना?” मालकांनी विचारलं.

टेहळ्याला पुढे नुसतं करडं काहीतरी दिसत होतं. वळणाबद्दल बायको काही बोलली नव्हती. “मोकळं आहे, मालक,” तो म्हणाला आणि घाईघाईने शेवटचा प्राणी काढला. “डावीकडे, ते वाळलेलं झाड. खालच्या फांदीवर अजगर.”

या वेळी मालकांनी दुर्बीण बराच वेळ खाली घेतली नाही. टेहळ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“चांगला जाडजूड आहे,” अखेर मालक म्हणाले.

तेवढ्यात बोटीच्या तळाला दणका बसला. दोघांनी कठडा धरला. बोट कलली, करकरत घासली आणि कशीबशी पुढे सुटली.

“गाळ साचलाय,” मालक म्हणाले.

“हो, गाळच तो,” टेहळ्या म्हणाला.

धक्क्यावर उतरल्यावर मालकांनी त्याचा हात घट्ट धरला. “तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. उद्याही असंच बोलत राहा.”

खोलीकडे जाताना त्याला कितीतरी दिवसांनी हसू येत होतं. बायको दारातच उभी होती. तिचा आवाज रडून बसला होता.

“अहो, मला माफ करा. मी आज गेलेच नव्हते. होडीचा तळ उकललाय. तुम्ही इतके घाबरलेले होता, मला सांगवेना. सुचेल ते सांगत गेले.”

“माकडं?”

“मनातलीच. सगळंच मनातलं. आणि तुम्ही गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ते वाळलेलं झाड परवाच उन्मळलंय. मी बघितलं होतं. वळणावर पाण्यात आडवं पडलंय, अर्धं वर, अर्धं खाली. काठावर झाडच नाही, तर अजगर कुठला?” तिने डोळे पुसले. “पकडलं ना तुम्हाला मालकांनी?”

तो चाचपडत स्टुलापर्यंत गेला आणि बसला.

“अजगर त्यांनी दुर्बिणीतून पाहिला,” तो म्हणाला. “चांगला जाडजूड आहे म्हणाले.”